पुरोहित, पुजारी, याजक : कोण कोणाचा?

प्रश्न असा आहे : 'पुरोहित', 'पुजारी' आणि 'धर्मगुरू' हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि पुरोहित म्हणजे 'पुराचे, म्हणजे नगराचे, हित पाहणारा' ही व्युत्पत्ती बरोबर आहे का?

आधी व्युत्पत्तीचं बघू. ऐकायला ती कितीही गोड वाटली तरी चूक आहे. 'पुर' आणि 'हित' यांचा समास केला तर 'पुरहित' होईल. मधला ओकार कुठून आणायचा? तो येतो 'पुरस्' या अव्ययामुळे. पुरस् म्हणजे पुढे, समोर. 'पुरस्कार'मध्ये आहे तोच हा. आणि इथलं 'हित' म्हणजे कल्याण नव्हे. 'धा' म्हणजे ठेवणे, त्या धातूचं ते रूप आहे. निहित, विहित या शब्दांत आपण ते रोज वापरतो. तेव्हा पुरोहित म्हणजे 'पुढे ठेवलेला', पुढे करून नेमलेला. शंका उरली असेल तर 'तिरोहित' हा शब्द शेजारी ठेवून पाहा. तिरस् + हित, तोच संधी, तोच ओकार.

ऋग्वेदाची पहिलीच ऋचा आहे 'अग्निमीळे पुरोहितं यज्ञस्य देवमृत्विजम् । होतारं रत्नधातमम् ॥' एवढ्याशा ऋचेत पुरोहित, ऋत्विज आणि होता असे तीन शब्द आले आहेत आणि तिन्ही अग्नीलाच लावलेले आहेत. पण तिन्हींचा अर्थ एक नाही. ऋत्विज म्हणजे ठरल्या ऋतूला, योग्य वेळी यजन करणारा. यज्ञापुरता वरलेला माणूस. होता हा त्या ऋत्विजांपैकी एक, ऋचा म्हणणारा. अध्वर्यू प्रत्यक्ष कृती करतो, उद्गाता सामगान करतो आणि ब्रह्मा सगळ्यावर लक्ष ठेवून चूक झाली तर ती सुधारतो. सोमयागात या चौघांना प्रत्येकी तीन साहाय्यक धरून 16 ऋत्विज होतात. (एखाद्या चळवळीचे 'अध्वर्यू' म्हणतो, तो शब्द इथूनच आला.) पुरोहिताचं नातं मात्र एका यज्ञापुरतं नसे, ते घराण्याशी असे. इक्ष्वाकूंचे वसिष्ठ, पांडवांचे धौम्य.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते संस्कृत व्याकरणाने टिपलेलं एक अंतर. 'यज्' म्हणजे यज्ञ करणे. हा धातू क्रियापदाच्या रूपांच्या दोन्ही प्रकारांत, म्हणजे दोन्ही पदांत चालतो. क्रियेचं फळ करणाऱ्याला मिळत असेल तर आत्मनेपद, दुसऱ्याला मिळत असेल तर परस्मैपद. म्हणून 'यजमानो यजते', पण 'याजका यजन्ति'. आहुती टाकणारे हात याजकांचे, फळ यजमानाचं. 'यजमान' हा शब्दच मुळी आत्मनेपदी रूप आहे, 'स्वतःसाठी यज्ञ करणारा'. आजही पूजेच्या आरंभी पुरोहित संकल्प सांगतात आणि यजमान स्वतःचं नाव-गोत्र उच्चारून शेवटी 'करिष्ये' म्हणतो. ते 'करिष्ये'ही आत्मनेपदीच. पौरोहित्याची सगळी भूमिका मला त्या एका क्रियापदात दिसते. कर्म कसं करायचं हे जाणणारा एक, ते ज्याच्यासाठी करायचं तो दुसरा.

आता रोजच्या वापराचं. माझी कसोटी सोपी आहे : त्या शब्दामागे 'कोणाचा?' असं विचारा. पुजारी देवाचा किंवा देवळाचा असतो. मूर्तीची नित्यपूजा हे त्याचं काम, भक्त आले काय, न आले काय. पुरोहित यजमानाचा असतो. म्हणून भाषेत कुलपुरोहित आणि राजपुरोहित आहेत, 'कुलपुजारी' नाही. धर्मगुरू अनुयायांचा असतो. तो शिकवतो, निर्णय देतो, वाट दाखवतो, कर्मकांड त्याने करायलाच हवं असं नाही. एकच माणूस तिन्ही असू शकतो, पण बातमीत 'मंदिराच्या पुरोहितांनी गाभारा उघडला' असं वाचलं की मला ते खटकतं. तिथे पुजारीच हवा. 'भटजी' हा बोलीतला शब्द पुरोहिताच्या जवळचा. गंभीर लेखनात 'पुरोहित' किंवा 'गुरुजी' बरे.

इतर धर्मांबद्दल लिहिताना जास्त जपावं. मराठी बायबलात जुन्या करारातले यज्ञ-अर्पणं करणारे 'याजक' आहेत, आणि तो शब्द चपखल आहे. कॅथलिकांसाठी 'धर्मगुरू' किंवा 'फादर', प्रोटेस्टंट मंडळींत 'पाळक' हे त्या-त्या समाजाने स्वतः रुळवलेले शब्द आहेत, तेच वापरावेत. 'पाद्री' पोर्तुगीजांकडून आला; मुळात त्याचाही अर्थ 'पिता'. अवेस्तातला, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातला, 'झओतर' तर आपल्या 'होतृ'चा सख्खा भाऊ. आणि 'इमाम' या अरबी शब्दाच्या मुळाशीही 'पुढे, समोर' हाच अर्थ आहे. तरी इमामाला पुरोहित म्हणू नये. तो नमाजात सर्वांच्या पुढे उभा राहतो, पण मागच्या रांगेतला प्रत्येक जण आपली नमाज स्वतःच पढत असतो.