रात्री तीनला जाग येते आणि मग झोपच नाही

"मॅडम, रोज तीनच्या सुमाराला डोळे उघडतात ते उघडतातच, मला काही मोठं झालंय का हो?" हे विचारणाऱ्या खूप जणी येतात. त्यातल्याच एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. वय पन्नाशीच्या आतबाहेर, मुलगा बारावीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

मी विचारलं, जाग आली की पहिलं काय करता? म्हणाल्या, मोबाईलवर टाइम बघते. मग हिशोब सुरू, साडेपाचला उठायचंय म्हणजे अडीच तास राहिले, आता नाही झोपले तर डबा कसा होणार, आणि छाती धडधडायला लागते... खरी गोम इथेच होती. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं, ते संपताना जराशी जाग सगळ्यांनाच येऊ शकते, पहाटेकडे झोप हलकी असते म्हणून तेव्हा जास्त जाणवते, एवढंच.

पण सगळं मनाचंच असं मी कधीच धरून चालत नाही. बोलताबोलता कळलं की जाग येते तेव्हा मान घामाने भिजलेली असते, पाळीही मागेपुढे होतेय. संध्याकाळी सातला कडक चहा (त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं), सगळ्यांचं आवरून जेवायला साडेदहा, आडवं पडलं की घशाशी आंबट. आधी डॉक्टरांकडे पाठवलं. शुगर, थायरॉईड नॉर्मल, घाम पाळी जायच्या आधीचा, त्यावर औषध सुरू झालं. तुम्हाला लघवीला सारखं उठावं लागत असेल, किंवा जोरात घोरून मध्येच श्वास अडकून दचकायला होत असेल तर प्लीज अंगावर काढू नका, दाखवून घ्या.

मग मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, चहा चारलाच, दुपारची डुलकी बंद, तेच त्यांना सगळ्यात जड गेलं. जाग येऊन वीसेक मिनिटं झाली असं वाटलं तर, घड्याळ न बघता, उठून मंद दिव्यात बसायचं आणि डोळे जड झाले कीच परत आडवं व्हायचं. ताई दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या घालत बसायच्या.

महिन्याभराने बराच फरक होता, जाग यायची पण परत डोळा लागायचा. तरी कान सासूबाईंच्या खोलीकडेच, हाक आली तर? म्हणून मिस्टरांना बोलावून घेतलं आणि स्पष्टच बोलले. आता एक दिवसाआड रात्री ते आईच्या खोलीत झोपतात आणि त्या रात्री ताईंना सलग झोप लागते.