एकदा पैसे भरून सगळ्या वाहिन्या कायमच्या फुकट दाखवणारा बॉक्स इंदूरच्या घरी घ्यावा का?

आपण लिहिता की आई-बाबा इंदूरला असतात, केबलवर मराठी वाहिन्या दिसेनाशा झाल्या आहेत, एका दुकानदाराने एकरकमी 3,500 रुपयांत 'लाइफटाइम फ्री' असा अँड्रॉइड बॉक्स लावून देतो असे सांगितले आहे, आणि बाबांच्या मोबाइलमध्ये बँकेचे ॲप असल्यामुळे आपल्याला धास्ती वाटते. जुना टीव्ही भाच्याकडे द्यायचा आहे, असेही आपण शेवटी विचारले आहे. मी इंदूरमध्येच राहते आणि नात्यातल्या, शेजारच्या ज्येष्ठांचे टीव्ही लावून देण्याचे काम बहुधा माझ्याच गळ्यात पडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बॉक्स घेऊ नये, हे माझे उत्तर. मात्र आपण ज्याला घाबरता आहात त्यापेक्षा मोठे कारण वेगळेच आहे.

बँकेच्या ॲपची भीती बरीचशी अनाठायी आहे. बॉक्स आणि मोबाइल एकाच वायफायवर असले, तरी बँकेच्या ॲपमधून जाणारी माहिती मोबाइलमध्येच सांकेतिक होऊन बाहेर पडते आणि त्याच वायफायवरच्या दुसऱ्या उपकरणाला ती वाचता येत नाही. धोका येतो तो आडवाटेने. बॉक्स सुरू करताना तो गूगल खाते मागतो, आणि घरातले कोणीतरी घाईघाईत बाबांचेच खाते त्यात घालून टाकते. त्या खात्यात संपर्क, फोटो, मेल आणि पुष्कळदा क्रोममध्ये साठवलेले पासवर्डसुद्धा असतात. दुसरी वाट याहून वाईट आहे. 'रिमोट हरवला तर मोबाइलवरून चालवा' असे सांगून व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट ॲप बसवणारी फाइल, पाठवली जाते, ती बाबांच्या मोबाइलमध्ये बसते, एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येत असतो. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक चलनाच्या नावाने फिरणाऱ्या एपीके फायलींचा डाव हाच असतो. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेले काहीही बाबांच्या मोबाइलमध्ये बसवायचे नाही, एवढे पथ्य पाळले तर बँकेच्या बाजूची निम्मी चिंता मिटते.

आता खुद्द बॉक्सविषयी. या प्रकारचे बिननावाचे बॉक्स अँड्रॉइडच्या खुल्या आवृत्तीवर चालतात, गूगलच्या तपासणीतून गेलेले नसतात, आणि त्यांतल्या अनेकांमध्ये घातक प्रणाली ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच भरलेली असते. हा नुसता तर्क नाही. डॉक्टर वेब या सुरक्षा कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये 197 देशांतल्या सुमारे 13 लाख बॉक्सना लागण झाल्याचे प्रसिद्ध केले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मनीच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने अशा सुमारे 30,000 उपकरणांचा त्यांच्या बाहेरच्या नियंत्रकांशी असलेला संपर्क तोडला. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने 'बॅडबॉक्स 2.0' नावाच्या, अशाच बाधित उपकरणांच्या जाळ्याबद्दल नागरिकांना जाहीर इशारा दिला, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने त्यामागच्या लोकांवर खटला भरला, तेव्हा बाधित उपकरणांचा आकडा 1 कोटीच्या वर सांगितला गेला.

असा बॉक्स घरात नेमके काय करतो? टीव्ही दाखवतो, आणि व्यवस्थित दाखवतो, म्हणूनच कोणाला संशय येत नाही. मात्र त्याच वेळी तो घरचे इंटरनेट कनेक्शन तिऱ्हाइतांना वापरायला देतो. दूर कुठेतरी बसलेला मनुष्य खोटी खाती उघडतो, चोरलेले पासवर्ड एकामागून एक लावून पाहतो, जाहिरातींवर खोट्या टिचक्या मारतो, आणि समोरच्या संकेतस्थळाला मात्र ही सारी वर्दळ इंदूरमधल्या एका निवृत्त गृहस्थाच्या घरून येताना दिसते. आपण घरात न पाहिलेला पोटभाडेकरू ठेवावा आणि भाडे मात्र दुसऱ्यानेच खावे, तसा हा व्यवहार आहे. ब्रॉडबँडचे कनेक्शन ओळखपत्र देऊन बाबांच्या नावावर घेतलेले असते. उद्या त्या कनेक्शनच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या ओळख क्रमांकावरून, काही गैरप्रकार झाला आणि चौकशी निघाली, तर पहिला फोन बाबांनाच येईल. मला विचाराल तर बॉक्स नाकारायला हे एकच कारण पुरेसे आहे.

दुकानदार 'लाइफटाइम' म्हणतो ते आयुष्य कोणाचे, हेही विचारून पाहावे. त्या बॉक्समध्ये दिसणाऱ्या वाहिन्या कोणीतरी विनापरवाना उचलून एखाद्या सर्व्हरवरून पुरवत असतो, आणि तो सर्व्हर बंद पडला की बॉक्सही मुका होतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 37 नुसार प्रसारण करणाऱ्या संस्थेला आपल्या प्रसारणावर 25 वर्षांचा स्वतंत्र हक्क असतो, त्यामुळे अशा पुरवठ्याला कायद्याचा आधार नाही आणि तक्रार घेऊन जायला जागाही नाही. ओळखायची खूण सोपी आहे: जो बॉक्स सुरू करताना प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप शोधणारी गूगलची तपासणी, बंद करायला सांगतो, तो परत करावा. अँड्रॉइड टीव्हीच्या अधिकृत उत्पादकांची यादी गूगलच्या संकेतस्थळावर आहे. वेष्टनावर छापलेल्या चिन्हापेक्षा त्या यादीवर विश्वास ठेवावा.

मग मराठी वाहिन्यांचे काय करायचे? आई-बाबा दिवसाकाठी खरोखर काय पाहतात, हे आधी त्यांनाच विचारा. आमच्याकडच्या बहुतेक घरांत उत्तर असे येते की संध्याकाळच्या दोन-तीन मालिका, एखादी बातम्यांची वाहिनी, रविवारी एखादा जुना चित्रपट, आणि क्रिकेट असेल तेव्हा क्रिकेट. यासाठी हजार वाहिन्या लागत नाहीत. इंदूरमधली केबल 2013 च्या दुसऱ्या टप्प्यात डिजिटल झाली, आणि 2019 च्या फेब्रुवारीपासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नव्या दररचनेनुसार कोणतीही सशुल्क वाहिनी सुटी मागण्याचा ग्राहकाला हक्क मिळाला. वाहिनीची कमाल किंमत टीव्हीच्या पडद्यावरच्या कार्यक्रम-सूचीत दिसली पाहिजे, असाही नियम आहे. पण केबलवाला स्वतःहून सुटे काही देत नाही. मध्य प्रदेशात तो हिंदी वाहिन्यांचा ठरावीक गुच्छ बांधून देतो, त्यात मराठीची एखादी वाहिनी असली तर असते, आणि दर बदलले की तीच आधी गळते. आपल्याकडे झाले असेल ते बहुधा हेच. त्याला फोन करून नुसते 'मराठी दिसत नाही' म्हणू नये. झी मराठी, स्टार प्रवाह, सोनी मराठी असे नाव घेऊन वाहिनी मागावी, सुटी किंमत विचारावी, आणि नको असलेला गुच्छ काढायला सांगावे. कनेक्शनच्या मूळ आकारावर पूर्वी महिन्याला 130 रुपये अधिक कर अशी मर्यादा होती, ती ट्रायने 2024 मध्ये काढून घेतली. त्यामुळे तो आकडाही विचारून घ्यावा. डीटीएच असेल तर हे सारे ॲपमधून आपल्याला परगावी बसूनही करता येते.

याच्या जोडीला, किंवा खर्च अगदीच नको असेल तर केबलच्या ऐवजी, डीडी फ्री डिश लावावी असे मी आग्रहाने सांगेन. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची ही उपग्रह सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. छत्री आणि सेट-टॉप बॉक्स मिळून साधारण 2,000 रुपयांच्या आसपास एकदाच खर्च येतो, आणि महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी केली तर बसवून देणारा माणूसही मिळतो. ती 93.5 अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते, म्हणजे इंदूरच्या गच्चीवरून पाहिले तर आग्नेयेला, बरीच उंचावर. त्या बाजूला शेजारची नवी इमारत किंवा पाण्याची टाकी आडवी येत नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे. सह्याद्री वाहिनी तिच्यावर असते, शिवाय काही खासगी मराठी वाहिन्याही. मात्र खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि यादी बदलत राहते, तेव्हा आज दिसणारी वाहिनी पुढच्या एप्रिलनंतर दिसेलच असे नाही. ज्या लोकप्रिय मालिका सशुल्क वाहिन्यांवर आहेत त्या इथे मिळणार नाहीत, हेही आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर छत्री बसल्यावर कुरकुर ऐकावी लागेल.

फ्री डिशचा जो गुण कोणी सांगत नाही, तो आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. उपग्रहाकडून संकेत येतो, उलट काहीच जात नाही. त्या बॉक्सला मोबाइल क्रमांक लागत नाही, खाते लागत नाही, इंटरनेट लागत नाही. कोणत्या घरात कोण काय पाहत आहे हे उपग्रहाला कळण्याची सोयच नाही. स्वतःची माहिती बाहेर जाऊ नये असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्यासाठी आजही यापेक्षा सुरक्षित टीव्ही नाही.

इंटरनेटवर चालणाऱ्या स्मार्ट टीव्हीचे तसे नसते, आणि इथे नामांकित कंपनीचा टीव्ही घेतला म्हणून निर्धास्त होता येत नाही. बहुतेक स्मार्ट टीव्हींत पडद्यावरचे चित्र ओळखून त्याची नोंद कंपनीकडे पाठवण्याची सोय असते, मग ते चित्र केबलचे असो की पेन ड्राइव्हचे. व्हिझिओ या कंपनीने 1 कोटी 10 लाख टीव्हींवरून अशी माहिती संमतीवाचून गोळा केली म्हणून 2017 मध्ये अमेरिकेत तिला 22 लाख डॉलर भरावे लागले होते. आपल्या टीव्हीतली ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते: सॅमसंगमध्ये तिचे नाव 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' असते, एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस'. टीव्ही पहिल्यांदा सुरू होताना जी संमतीपत्रे एकामागून एक येतात, त्यांतल्या पुष्कळशांना नाही म्हटले तरी टीव्ही उत्तम चालतो, पण दुकानातून आलेला मुलगा सगळ्यांवर 'हो' दाबून मोकळा होतो. टीव्हीसाठी एक वेगळे, कोरे गूगल खाते काढावे. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय सुरू करण्याची सोय असेल तर टीव्ही त्यावर ठेवावा, म्हणजे मोबाइल आणि संगणक एका बाजूला, टीव्ही दुसऱ्या बाजूला राहील. प्रसार भारतीचे नोव्हेंबर 2024 मध्ये आलेले, इंटरनेटवरून वाहिन्या दाखवणारे 'वेव्हज' हे ॲपही अशा टीव्हीवर बसवून पाहावे.

पैशांची फसवणूक मात्र बहुतेक वेळा टीव्हीतून होत नाही, टीव्हीच्या निमित्ताने होते. रिचार्ज झाले नाही, पडदा निळा झाला, की ज्येष्ठ मंडळी गूगलवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतात आणि वर आलेल्या पहिल्या क्रमांकावर फोन करतात. पलीकडचा भामटा स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला लावतो किंवा पैसे परत मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घेताना पिन लागत नाही, हे बाबांना पुन्हा पुन्हा सांगा. टीव्हीवर कोड दिसून तो मोबाइलवर टाकायचा असतो, तेव्हाही शोधयंत्रातून पान उघडू नये, कारण सक्रिय करून देण्याच्या नावाखाली पैसे मागणारी खोटी पाने पुष्कळ आहेत. पडद्यावर दिसणारा पत्ता जसाच्या तसा टाइप करावा. अधिकृत क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीच्या मागे चिकटवणे हा उपाय बाळबोध वाटेल, पण लागू पडतो. काही घडलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. वर्गणीसाठी ऑटोपे, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापण्याची परवानगी, दिले असेल, तर 15,000 रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न मागताही कापली जाऊ शकते, फक्त 24 तास आधी सूचना येते. ती सूचना बाबा वाचत नसतील तर ऑटोपे देऊच नये.

दुकानदाराने 'दोन दिवस लावून पाहा' म्हणून बॉक्स आधीच घरी ठेवला असेल, तर त्याची वायफायची जोडणी काढून तो परत करा. फॅक्टरी रीसेट करून भागत नाही, कारण ती प्रणाली मूळ सॉफ्टवेअरमध्येच मुरलेली असते आणि रीसेटनंतर पुन्हा उभी राहते. बाबांचे खाते त्यात घातले गेले असेल तर मोबाइलवरून गूगल खात्याच्या उपकरणांच्या यादीत जाऊन तो बॉक्स काढून टाका, पासवर्ड बदला आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करा.

भाच्याकडे जाणाऱ्या जुन्या टीव्हीला मात्र रीसेट पुरतो. आधी प्रत्येक ॲपमधून बाहेर पडा, मग सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करा, मागे खोचून राहिलेला पेन ड्राइव्ह काढून घ्या, आणि टीव्ही गेल्यावर ओटीटी खात्यांतल्या उपकरणांच्या याद्यांतूनही त्याचे नाव वगळा. आपला टीव्ही कोणत्या कंपनीचा आहे हे कळवलेत, तर रीसेट कोणत्या मेनूत सापडेल ते सांगता येईल.