‘अमर्याद’, ‘अमर्यादित’ की ‘उक्ते’? अनलिमिटेड कॉलिंगसाठी मराठी शब्द

विचारलेला प्रश्न असा आहे : मोबाइलच्या ‘अनलिमिटेड कॉलिंग’ प्लॅनची आणि त्यांच्या खर्चाची तुलना करणारा तक्ता मराठीत करायचा असेल, तर त्यात अमर्याद, अमर्यादित आणि असीमित यांपैकी कोणता शब्द घालावा, आणि प्लॅनला अटी जोडलेल्या असताना असा शब्द वापरणे मुळात योग्य ठरते का?

‘असीमित’ प्रथम बाजूला ठेवावा. हा शब्द हिंदी जाहिरातींतून आपल्याकडे येतो. मराठीला ‘असीम’ परिचयाचा आहे, पण तो कृपा, त्याग, धैर्य अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींपुढे शोभतो. मिनिटे मोजली जातात, त्यामुळे तेथे तो अवघडून बसतो. ‘बेमर्याद’ तर नकोच, कारण त्यात उद्धटपणाची छटा आहे.

उरलेले दोन शब्द समानार्थी समजले जातात, परंतु त्यांची घडण वेगळी आहे आणि येथे तो फरक नेमका उपयोगी पडतो. ‘अमर्याद’ म्हणजे ज्याला मर्यादाच नाही ते. ‘मर्यादा’ला ‘इत’ प्रत्यय लागून ‘मर्यादित’ होतो, जसे अंकुरापासून अंकुरित; म्हणून ‘अमर्यादित’ म्हणजे ज्यावर मर्यादा घातलेली नाही ते. पहिला शब्द वस्तूचा स्वभाव सांगतो, तर दुसरा एवढेच सांगतो की कोणी बंधन घातलेले नाही. आता फोनवरील संभाषण स्वभावतः अमर्याद असूच शकत नाही. एका दिवसाची 1,440 मिनिटे असतात, त्यामुळे 28 दिवसांच्या प्लॅनमध्ये 40,320 मिनिटांपलीकडे कोणालाही बोलता येणार नाही, मग तो कितीही बोलका असो. ही मर्यादा घड्याळाची आहे, कंपनीची नाही. म्हणून ‘अमर्याद’ हा शब्द खोटा ठरतो आणि ‘अमर्यादित’ टिकतो.

मात्र तो टिकतो कशाला जोडल्यावर, हेही पाहिले पाहिजे. संस्थांच्या नावापुढे ‘मर्यादित’ लिहिलेले असते, तेव्हा मर्यादा सभासदांच्या आर्थिक जबाबदारीला असते. संस्थेच्या कामाला किंवा आयुष्याला नसते. त्याचप्रमाणे ‘अमर्यादित’ हे विशेषण फक्त मिनिटांच्या संख्येला लागू होते. प्लॅनची मुदत, तो ज्या क्रमांकांना लागू आहे ते क्रमांक, वापराचा हेतू या सर्वांना मर्यादा असतातच. सामान्यतः परदेशातील कॉल, जादा दराचे सेवाक्रमांक आणि व्यावसायिक प्रमाणावरील वापर हे ‘वाजवी वापरा’च्या अटींखाली वगळलेले असतात. म्हणून ‘अमर्यादित योजना’ ही शब्दयोजना सदोष आहे. ‘अमर्यादित मिनिटांची योजना’ निर्दोष आहे, आणि तिच्यापुढे अटींचा स्तंभ ठेवल्यास परस्परविरोध उरत नाही. डेटाच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तेथे ठरावीक वापरानंतर पुष्कळदा वेग उतरवला जातो. प्रमाण अमर्यादित असले तरी वेग मर्यादित असतो, आणि दोन्ही गोष्टी लिहिल्याखेरीज नोंद पूर्ण होत नाही.

हे व्याकरण झाले. माझे खरे म्हणणे असे आहे की, खर्चाची तुलना करणाऱ्याने ‘अमर्यादित’ या शब्दावर थांबूच नये, कारण तो शब्द वापराविषयी बोलतो आणि पैशांविषयी गप्प राहतो. पैशांसाठी मराठीत एक जुना आणि अजून जिवंत असलेला शब्द आहे, तो म्हणजे ‘उक्ते’. काम उक्ते दिले, असे आपण म्हणतो तेव्हा किती दिवस लागले आणि किती माणसे राबली याचा हिशेब न ठेवता एकच रक्कम ठरलेली असते. काम लवकर उरकले तर फायदा एका बाजूचा, लांबले तर दुसऱ्या बाजूचा. अनलिमिटेड कॉलिंगचा व्यवहार शब्दशः हाच आहे : संभाषण उक्ते विकलेले असते. त्याउलट मिनिटामिनिटाला पैसे घेणारा प्लॅन म्हणजे ‘सुटा’ दर. ‘उक्ते’ आणि ‘सुटे’ ही जोडी तक्त्यात घातली की वाचकाला तुलना कशाची आहे ते लगेच उमगते. (‘उक्ती रक्कम’ लिहिताना ‘उक्ती’ म्हणजे वचन असा घोटाळा होण्याची शक्यता असल्यामुळे मी ‘उक्ता आकार’ असे लिहीन; येथे आकार म्हणजे घेतले जाणारे शुल्क. बोलण्याच्या व्यवहारात हा श्लेष थोडा गमतीचा आहे खरा.)

उक्त्या व्यवहाराला दर नसतो. तो आपल्याला काढावा लागतो. समजा, तीस दिवसांचा उक्ता आकार 300 मिनिटांच्या सुट्या आकाराएवढा आहे. मग रोज सरासरी दहा मिनिटांहून कमी बोलणाऱ्याला उक्ता प्लॅन महाग पडतो आणि अधिक बोलणाऱ्याला स्वस्त. सुट्या दरात मोजणीचे एकक कोणते हेही पाहावे लागते, कारण मिनिटाच्या एककात 61 सेकंदांच्या कॉलला दोन मिनिटांचा आकार लागतो आणि सेकंदाच्या एककात 61 सेकंदांचाच. म्हणजे ‘स्वस्त’ हे विशेषण प्लॅनचे नसून प्लॅन आणि वापरणारा यांच्या नात्याचे आहे. तक्त्यात ते सरसकट वापरू नये. तरीही वापर कमी असणारी पुष्कळ माणसे उक्ताच व्यवहार पसंत करतात. अर्थशास्त्रज्ञांनी स्थानिक टेलिफोनच्या ग्राहकांबाबत ही प्रवृत्ती 1980च्या दशकातच नोंदवली होती. मला यात निव्वळ गैरहिशेब दिसत नाही. बोलताना घड्याळाकडे पाहावे लागू नये, यासाठीही माणूस पैसे मोजतो.

कंपनीला हा उक्ता व्यवहार परवडतो कसा, याचे उत्तर आग्नेर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाच्या कामात आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना त्याने 1909 साली कॉलच्या गर्दीचे संभाव्यतेच्या साहाय्याने गणित मांडले. सगळे ग्राहक एकाच वेळी बोलत नाहीत, त्यामुळे ग्राहकांच्या तुलनेत थोड्याच वाहिन्या, म्हणजे एका वेळी एक कॉल नेणारे मार्ग, पुरतात, हे त्यातून मोजता आले. एक वाहिनी तासभर सतत व्यापलेली असली की तो एक ‘एर्लांग’ भार, आणि या एककाला 1946 मध्ये त्याचे नाव मिळाले. शिवाय आवाजाला जागा थोडी लागते. मोबाइलमध्ये आवाजाचे अंकीय संकेतांत रूपांतर करण्याच्या, दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या एका पद्धतीत सेकंदाला जास्तीत जास्त 12.2 किलोबिट लागतात. त्या हिशेबाने तासाभराचे बोलणे सुमारे साडेपाच मेगाबाइट भरते. चलच्चित्रांना याच्या कित्येक पट लागते. म्हणूनच बोलणे सहजपणे उक्ते दिले जाते आणि डेटाला माप लावले जाते.

तक्त्यातील आणखी दोन शब्दांविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यांची पैशांत किंमत मोजावी लागते. ‘वैधता’ हा शब्द कायद्याच्या संदर्भात योग्य आहे, पण प्लॅन किती दिवस चालेल यासाठी ‘मुदत’ हा सरळ मराठी शब्द असताना तो कशाला हवा? आणि 28 दिवसांच्या मुदतीला ‘मासिक’ म्हणू नये. 28 दिवसांचे तेरा हप्ते भरल्यावर 364 दिवस होतात. ‘मासिक’ वाचून बारा हप्त्यांचा हिशेब करणाऱ्याचा वर्षाचा खर्च त्यामुळे आठ टक्क्यांहून अधिक चुकतो. दोन प्लॅनची रक्कम सारखी असून एकाची मुदत 28 व दुसऱ्याची 30 दिवस असेल, तर पहिला दिवसागणिक सुमारे सात टक्के महाग असतो. त्यामुळे तक्त्यात ‘दरदिवशी पडणारा आकार’ हा स्तंभ अवश्य असावा.

‘अनलिमिटेड फ्री कॉलिंग’मधल्या ‘फ्री’साठी ‘मोफत’ हा शब्दही मी टाळीन. कॉलचे पैसे उक्त्या आकारात आधीच घेतलेले असतात, म्हणून ‘आकारात समाविष्ट’ असे लिहावे आणि ‘मोफत’ हा शब्द आणीबाणीच्या क्रमांकांसारख्या, मुदत संपल्यावरही सहसा पैसे न घेता लागणाऱ्या कॉलसाठी राखून ठेवावा.