अजून जेवतोय, मग निरोप कसा देऊ?

ताई, आजारी कुत्रा अजून जेवतोय, मग त्याला इंजेक्शन देऊन कायमचा निरोप कसा द्यायचा, हाच प्रश्न माझ्या राणी कुत्रीच्या वेळी मी रोज स्वतःला विचारायचे. तिची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. चिकनच्या पाण्यात भिजवलेली भाकरी ती शेवटपर्यंत चाटायची, पण दाराशी माझी चप्पल वाजली तरी शेपटी हलेनाशी झाली होती. मी भाकरीकडेच पाहत राहिले. आठवडाभर उशीर केला आणि तो आठवडा तिने सोसला.

म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खूण करा. चांगल्या दिवसाला गोल, वाईट दिवसाला फुली. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टीही कामाला येते: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण; स्थिती जितकी चांगली (म्हणजे वेदना जितकी कमी) तितके गुण जास्त. बेरीज ३५च्या वर असेल तर सांभाळत राहणं रास्त. मात्र पडल्यापडल्याही धाप लागत असेल, तर गुण मांडत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि दुखतंय म्हणून कुत्रं केकाटेलच असं नाही; पुष्कळदा ते फक्त गप्प होतं, कोपरा धरतं.

डॉक्टरांना सरळ विचारा, "तुमचा असता तर काय केलं असतं?" आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा, मग शेवटचं. नंतरही डोळे उघडे राहतात, एखादा उसासा येतो. घाबरू नका, तो जागा झालेला नसतो. जमलं तर त्याचं डोकं मांडीवर घ्या. मी बाहेर थांबले होते, ते अजून सलतं.