तळं झालेल्या मैदानावर मॅच खेळवायची का?

प्रश्न : सर, आमच्या पेठेत दोन दिवस नुसता वाद चाललाय, पाणी साचलं म्हणून फुटबॉल कपची मॅच पुढं ढकलली ना, मी म्हणतो रेफ्रीचं बरोबर, पोरं म्हणतात १९७४ च्या वर्ल्ड कपला फ्रँकफर्टमधे तर पाण्यातच खेळले होते, मग आता काय झालं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचंच बरोबर आहे हो. फ्रँकफर्टला ३ जुलैला पश्चिम जर्मनी-पोलंड मॅचला फायर ब्रिगेडनं पंप लावून पाणी उपसलं, मॅच उशिरा सुरू झाली, पण बॉल जागोजागी अडकत होता आणि पोलंडचा सगळा खेळ लाटो, गाडोखा या खेळाडूंच्या विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळायच्या, स्पीडवर, तोच मेला. ७६ व्या मिनिटाला गेर्ड म्युलरचा गोल आणि पश्चिम जर्मनी फायनलला. मला अजून पोलंडसाठी वाईट वाटतं. उलट २०१२ ला वॉर्सामधे पोलंड-इंग्लंड मॅचला स्टेडियमचं छप्पर उघडंच राहिलेलं, रेफ्रीनं बॉल टाकून बघितला, नीट घरंगळेचना, मग मॅच दुसऱ्या दिवशी झाली, १-१. पाण्यात घसरून एखाद्या पोराचा गुडघा गेला तर? फक्त तिकीट काढून आलेल्यांना निर्णय लवकर सांगायला हवा, तो राग मला पटतो.