नर्सिंगची पदवी नाही, पण वृद्धांच्या देखभालीचं काम करायचं आहे. कोणतं प्रशिक्षण घेऊ?

पदवीशिवाय येता येतं. नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट व्हायचं असेल तर आधी ते शिक्षण, मग वृद्धांच्या सेवेचं खास प्रशिक्षण. रोजच्या देखभालीसाठी मात्र छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतात. फी भरण्याआधी एवढंच विचारा: देखरेखीखाली प्रत्यक्ष वृद्धांसोबत किती तास काम करायला मिळेल? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा.

मी या कामात आहे आणि नव्यांना शिकवतेही. पलंगावरून व्हीलचेअरवर बसवणं वाचून येत नाही. आधी ब्रेक लावायचे, त्यांची पावलं जमिनीला टेकली का बघायचं, आपण कमरेतून नाही तर गुडघ्यातून वाकायचं. काखेत हात घालून ओढलं तर त्यांचा खांदा दुखावतो आणि तुमची पाठही जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. तेव्हा टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी बघायची. दाबूनही लाली जात नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते; तिथे चोळायचं नाही.

पण सगळ्यात महत्त्वाची शिकवण नजरेची. काल नीट बोलणाऱ्या आजी आज भलतंच बोलायला लागल्या की घरचे म्हणतात, वय झालं. पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सहसा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत उद्भवलेला गोंधळ बहुधा डेलिरियम, म्हणजे आजारपणातला अचानक आलेला भ्रम, असतो, आणि त्यामागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी कमी होणं किंवा नवी गोळी असू शकते. म्हातारपणी न्यूमोनियातही कधीकधी ताप येत नाही. निदान तुम्ही करायचं नाही. कालच्यापेक्षा काय बदललं ते वेळेसकट लिहून लगेच कळवायचं.

आणखी एक, जे चांगल्या मनाच्या माणसांनाच जड जातं: सगळं आपण करून द्यायचं नाही. 1935 साली इंग्लंडमध्ये डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात वर्षानुवर्षं अंथरुणात पडून असलेले वृद्ध आले. वॉरन यांनी एकेकाला तपासलं, उठवलं, चालवलं. कित्येक घरी गेले. अंघोळ, कपडे, शौचालय, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण या 6 गोष्टींत माणूस किती स्वावलंबी आहे हे मोजायची अमेरिकन डॉक्टर कॅट्झ यांची पद्धत 1963 पासून आहे. ती शिकवतात का तेही विचारा. तुम्ही शर्टाची बटणं लावलीत तर 2 मिनिटांत काम होतं, त्यांना लावू दिलीत तर 10 लागतात. ती 10 द्यायची.

शक्य असेल तर आधी एखाद्या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काही आठवडे राहून बघा, रात्रपाळीसकट. डायपर बदलणं, तोच प्रश्न विसाव्यांदा ऐकणं, कधी चिडून मारलेला फटका, हे सगळं तिथे दिसेल. त्यानंतरही जावंसं वाटलं तर फी भरा.