मुलाला शाळेत कोणी त्रास देतंय, हे पालकांनी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पाचवीत आहे, विचारलं की 'काही नाही' म्हणतो, आणि त्याचे बाबा म्हणतात, 'उलट एक ठेवून दे म्हणावं.' हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय. शाळा बदलावी का, हेही तुम्ही विचारलंय, ते नंतर बघू.

मुलाचा चेहरा वाचत बसू नका, त्याची पाण्याची बाटली बघा. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच परत येते आणि पोरगं बूटही न काढता बाथरूमकडे पळतं, ही जोडी दिसली तर सावध व्हा. शाळेत मोठ्यांची नजर नसलेली हमखास जागा म्हणजे मुताऱ्या. बाहेरून कडी लावायची, पँटवर पाणी उडवायचं आणि 'याने शू केली' म्हणून वर्गभर बोंब ठोकायची, हे तिथेच चालतं. मग मूल साधा हिशेब करतं: तिकडे जायचं नाही, म्हणजे पाणीच प्यायचं नाही. पुढे लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, पोटदुखी. डॉक्टर म्हणतात पाणी कमी पडतंय, आणि ते बरोबरच असतं; का कमी पडतंय, हे कुणी विचारत नाही. मुताऱ्या घाण असल्या तरी बाटली भरलेलीच येते, म्हणून वर्गातल्या आणखी दोन-तीन आयांना विचारा. सगळ्यांच्याच तशा येत असतील तर मुख्याध्यापकांकडे स्वच्छतेचं भांडण न्या. तुमच्या एकट्याचीच येत असेल तर पुढे वाचा.

अर्धा उरलेला डबा फारसं काही सांगत नाही. डबा चाटूनपुसून रिकामा आणि मूल घरी येऊन अधाशासारखं खातंय, तर डबा दुसरंच कोणी संपवतंय. धांदरट मूल जुनं-नवं सगळंच हरवतं; फक्त नवी पेनं आणि नवा कंपासच 'हरवत' असेल तर ती धांदल नाही. खेळताना गुडघे, नडग्या, कोपरं फुटतात. दंडाच्या आतल्या बाजूचे चिमटे आणि पाठीवरचे वळ सहसा खेळातले नसतात. वह्यांची मागची पानं चाळा, दुसऱ्याच्या अक्षरातली टोपणनावं तिथे सापडतात.

'तुला कोणी मारतं का?' असं समोर बसवून विचारलंत की उत्तर 'नाही'च येणार. स्कूटरवर मागे बसलेला असताना किंवा मटार सोलताना विचारा: डबा कुठे बसून खाल्लास? व्हॅनमध्ये शेजारी कोण होतं? तुमच्या वर्गात सगळ्यात जास्त कोणाला चिडवतात?

आता 'एक ठेवून दे' बद्दल. हा सल्ला मूर्खपणाचा आहे. त्रास देणारे उलट मारू न शकणारं मूलच हेरतात, आणि बहुतेकदा ते घोळक्यात असतात. बाईंना पहिली टपली दिसत नाही, चिडून मारलेला ठोसा दिसतो, आणि डायरीत शेरा तुमच्या मुलाच्या नावावर येतो. त्यात घरी सांगून उपदेशच मिळतो, हे कळलं की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. 'आम्हीपण मार खाल्लाय' म्हणणाऱ्या बाबांना विचारा, तेव्हा घरी सांगितलं होतं का?

त्याऐवजी वही करा: तारीख, जागा, कोण, काय केलं, कोणी पाहिलं. फोनवरचे घाण मेसेज पुसू नका, नाव आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. दोन आठवड्यांची नोंद झाली की वर्गशिक्षकांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. गेटवर त्या मुलाला किंवा त्याच्या आईला गाठू नका, दुसऱ्या दिवशी त्याचा वचपा तुमच्या मुलावर निघतो. महाराष्ट्रात २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) असायला हवी; अर्जाची एक प्रत तिच्या नावाने द्या.

हेही लक्षात घ्या: यातल्या एकाच खुणेवरून काही ठरवू नका. परीक्षेची भीती, घरातली भांडणं, कधी खुद्द शिक्षकांचा जाचही असाच दिसतो. पण गुप्तांगाला हात लावल्याचं कळलं तर वही-अर्जात वेळ घालवू नका, ते पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं प्रकरण आहे; थेट पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. मूल मरायच्या गोष्टी बोलत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शाळा बदलायचीच तर अर्जावर शाळा काय करते ते बघून ठरवा. तोंडी 'बघतो' म्हणाले, तर आठवड्याने पोचेची तारीख दाखवून लेखी उत्तर मागा.